डायरेक्ट आलेल्या एकोणीस बायका

मंगळ. ४ नोव्हें.
म्हणे संस्थेच्या शिवणक्लासला घणसोलीतून मी एकही बाई आणली नाही. शून्य. संस्थेच्या नाईक सरांनी तुर्भ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवून दाखवला. क्लासला नाव घालायचं वेबसाईटवर, आणि कोणती बाई कुठून तिथे आली ते तो लिहून ठेवतो. काही गुगलवर शोधून, काही जाहिरात दाबून. बायकांना पाठवायला मला दिलेल्या लिंकवरून कोणी नाही. उरलेल्या एकोणीस जणी 'डायरेक्ट'.
म्हटलं, डायरेक्ट म्हणजे काय? म्हणाले, कुठून आल्या ते कळत नाही त्या.
कळत नाही तर विचारा की. चार महिने गल्ल्या तुडवल्या त्या काय वारा खायला?

गुरु. ६
शून्याचं जाऊ दे. शून्य म्हणून गावातली क्लासची खोली सोडतायत, राग त्याचा. क्लास तुर्भ्याला नेणार. सर म्हणाले, डायरेक्ट येणाऱ्या कुठेही येतात. क्लासातल्या वंदनाची सासू खोलीसमोरच राहते, म्हणून सुनेला दोन तास सोडते. तुर्भ्याच्या ट्रकांच्या गर्दीत सोडेल? वंदना आत्ता कुठे बाही लावायला शिकली. नवऱ्याचं काम सुटलंय. आज मशीनवर हसत होती. तिला सांगायला तोंड उघडलं नाही माझं.

शुक्र. ७
सून कविता कॉम्प्युटरवरच काम करते, तिला लिंक दाखवली. वेबसाईटच्या नावाला लांब शेपूट, त्यात माझं नाव. शेपटासकट दाबली तरच बाई माझ्या खात्यात.
"आई, तुमी बायकांना हीच लिंक पाठवली ना?"
पाठवली कुठे. गल्लीत एकीचं बँकेचं खातं लिंक दाबून साफ झालं, तेव्हापासून महिला मंडळात मीच ओरडते, लांबडी लिंक दिसली की दाबायची नाही. मग हीच लांबडी कोणत्या तोंडाने पाठवू? शेपूट मीच पुसलं. नुसतं वेबसाईटचं नाव टाका म्हटलं. निम्म्या जणींच्या फोनवर तर माझ्या बोटाने टाकलं.
कविता हसायला लागली. म्हणाली, शेपूट नाही म्हणजे डायरेक्ट. मला नाही आलं हसू.
चूक माझी. बरं, माझी. पण आणल्या मीच ना?

रवि. ९
दिवसभर दारोदार. वहीत प्रत्येकीकडून लिहून घेतलं, क्लासचं कोणी सांगितलं. सोळा जणींनी माझं नाव लिहिलं. दोघी माहेरी. एक म्हणाली, मावशी, मी फोनवर जाहिरात बघितली, मग दोन दिवसांनी वेबसाईटचं नाव टाकलं. बरं बाई, तेही लिही.
वंदनाच्या सासूला लिहिता येत नाही. सुनेला म्हणाली, "लिव. ही दारान ठान मांडून बसली, तवा सोरली मी तुला."

सोम. १०
वही सरांपुढे ठेवली. पानं उलटली, वाचली. मग म्हणाले, "मावशी, हे सिस्टीममध्ये बसत नाही."
म्हटलं, "बायका खोलीत बसल्यात ना? मग?"
वरती विचारतो म्हणाले. वरती कोण, ते सांगेनात.
मी सांगून आले. फॉर्मवर एक ओळ वाढवा, कोणी सांगितलं म्हणून. आणि खोली राहणार की जाणार, ते शनिवारी १५ तारखेला दुपारच्या आत घणसोलीत येऊन सांगा. मेसेज नको. तेव्हा सगळ्या जणी मशीनवर असतात. वंदनाच्या तोंडाकडे बघून सांगा. शनिवार म्हणजे शनिवार.