हरवलेल्या डाव्या बुटाविषयी

ती. दादांना साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची संमती नसल्याने तूर्त मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असावेत. पत्र रीतीप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो धाडतो आहे, म्हणजे आजच पोचेल.

प्रथम एक गंभीर तक्रार. इथल्या उशा चौकोनी आहेत. उशी लांबट असावी यावर सकल मानवजातीचं एकमत असताना या डोंगरी गावानेच वेगळी चूल का मांडली, कळत नाही. डोकं टेकलं की उशी दोन्ही कानांशी उभी राहते आणि माणूस पाकिटात घातल्यासारखा दिसतो. तुमची भगिनी म्हणाली, "एवढा समुद्र ओलांडून आलात, ते उशीशी भांडायला?"

असो. काल दुपारी पोचलो. डोंगर इतका जवळ, की थकलेलं भाडं मागायला आलेल्या घरमालकासारखा खिडकीशी येऊन उभा आहे. या लॉजवर बूट दाराशी काढून आत सपाता घालायच्या. आमच्या अण्णांचा दंडक तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नांच्या पंगतींत तीन जोड गमावल्यावर त्यांनी घराण्याला शिकवण दिली, की परक्या दारात एक चप्पल पूर्वेला ठेवावी, दुसरी पश्चिमेला; जोडी जुळवायचा चोराला कंटाळा येतो. त्यानुसार मी उजवा बूट फळीवर ठेवला आणि डावा जिन्यामागे, छत्र्यांच्या आडोशाला. चक्रवाकांचा विरह एका रात्रीपुरताच असतो, असं म्हणून वर गेलो.

सकाळी डावा गायब. मालकीणबाई (उंच, नुकत्याच इस्त्री केल्यासारख्या) विचारू लागल्या, की एकटा बूट तिथे ठेवलातच का? अण्णांचं तत्त्वज्ञान परभाषेत मांडण्याइतकं माझं व्याकरण पक्कं नाही, म्हणून हातवाऱ्यांनी लग्न, जेवण आणि चोर करून दाखवला. त्यांनी मला खुर्ची आणि पाणी दिलं. तेवढ्यात आम्हाला डोंगरावर न्यायला ठरवलेला वाटाड्या आला, माझ्या सपातांकडे बघत राहिला आणि "उद्या" म्हणून निघून गेला. तुमची भगिनी नाड्या बांधून पहाटेपासून तयार. "अण्णा गेले, पण त्यांचा दंडक काही जात नाही," एवढंच बोलली आणि बाकावर बसून शिखराकडे बघत राहिली.

आपला,
एकपादी मेहुणा

ता. क. बूट सापडला आहे. झाडलोट करणाऱ्या बाईंनी तो बेवारस वस्तूंच्या खोक्यात टाकला होता. वाटाड्या येण्याआधीच मला दिसला. मी त्यावर कुणाची तरी लोकरी टोपी पसरून परत आलो.

दुसरा ता. क. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर घोड्याचं एक चित्र टांगलेलं आहे. तुमच्या बहिणीला घोड्यांत कधी रस नव्हता, हे तुम्ही जाणता. काल ती प्रत्येक घोड्यापुढे कठडा धरून उभी राहिली, आणि मी तोंड उघडलं की हातानेच गप्प करायची. धाप गेला महिनाभर लागते आहे. तपासून घे म्हटलं, तर "दादाला कळवलंत तर याद राखा" म्हणाली. हा डोंगर चढायचं तिच्या मनात लग्नाआधीपासून आहे, त्यामुळे माझं ती ऐकणार नाही. तुम्ही छातीचे डॉक्टर, शिवाय थोरले. आज संध्याकाळी सहज म्हणून फोन करा आणि बोलता बोलता ओळखल्यासारखं करा. टोपीखाली बूट उद्यापर्यंतच लपेल. मला भीती वाटते आहे, दादा.