मेमरीवरचा मार्का

कोपरखैरणे,
मंगळवार, ३ नोव्हेंबर १९९८

धर्मराज यास,

नमस्कार. आमच्याकडे सर्व ठीक. आबांचा खांदा दुखतोय, तरी हमालीला मार्केटात जातातच. मोनालीची परीक्षा झाली. करंजाला तुझ्या मामांकडे सगळे बरे असतील.

पत्र रजिस्टरने पाठवतोय. साध्या पोस्टाने टाकलं तर मिळालंच नाही म्हणायला तू मोकळा.

दुकानाच्या किल्ल्या टेबलावर टाकून गेलास त्याला पाच दिवस झाले. सुनयना मॅडमचा लॅपटॉप अजून तसाच पडलाय. बटण दाबलं की तीन लांब बीप, आणि स्क्रीन काळी. वकीलबाई बेलापूरहून रोज फोन करतात. त्यांच्या सगळ्या केसेस त्यात आहेत आणि सोळा तारखेला सुनावणी. मी ‘पार्ट यायचाय’ म्हणून वेळ मारून नेतोय.

आता मी शांतपणे लिहितो, तूही शांतपणे वाच. लॅपटॉप जुना असला तरी आपल्याकडे आला तेव्हा सुरू होता. काम एवढंच, की त्यातल्या आठ एमबीच्या मेमरीशेजारी सोळाची नवीन लावायची. मी नेहमीप्रमाणे आधी जुन्या मेमरीवर मोनालीच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिला. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक पार्टवर देतो. “यशा, नवरी सजवतोस काय?” म्हणून तू हसतोस, तरी देतो. मार्केटात पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का असतो, तसा हा आपल्या दुकानाचा. बुधवारी मी नवीन मेमरी आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. चार तास दुकानात तू एकटा. संध्याकाळी दोन्ही लावल्या, तर बीप. जुनी काढून पाहिली, तर ठिपका गायब. ती ठेवली होती त्या कपाटाला किल्ल्या दोन, त्यातली एक माझ्या खिशात असते, दुसरी तुझ्याकडे.

तूच सांग, कोणाचंही डोकं कुठे जाईल?

गुरुवारी शिरवण्याला तुमच्या ओट्यावर माझा आवाज चढला, चार माणसांसमोर चढला, ते चुकलं. पण तू काय बोललास? “मी काय चोर हाय काय?” बस्स. खरा माणूस भांडतो तरी. तू दुकानात किल्ल्या टाकल्यास आणि होडी धरून करंजा गाठलंस. आणि विषय निघालाच आहे तर लिहितो. गेल्या महिन्यात दोनदा तू ‘आईला डॉक्टरकडे नेतो’ म्हणून दुपारी गेलास. त्यातल्या एका दुपारी तुझ्या आई मला शिरवण्याच्या बाजारात कोळंबी निवडताना दिसल्या, चांगल्या ठणठणीत. तुझ्या पायात त्या दिवशी पॉलिश केलेले बूट होते. मी विचारलं नाही, पण डोळे मिटून बसलो नव्हतो.

मूळ मेमरी कुठे आहे ते कळव. कोणाला दिली असशील तर परत आण. मी कुठे बोलणार नाही.

तुझा, अजून तरी, मित्र
यशराज


कोपरखैरणे,
रविवार, २२ नोव्हेंबर १९९८

प्रिय धर्मा,

रजिस्टरची पोचपावती आली. सही तुझीच आहे, मी दुकानातल्या चलनांवरच्या सहीशी ताडून पाहिली. उत्तर मात्र आलं नाही.

आबांचा खांदा आता बरा आहे. मोनाली पास झाली, पेढे वाटले. मला दिला नाही, स्वतः डब्यातून उचलावा लागला. थंडी अजून नाही.

मॅडमचा लॅपटॉप सुरू झाला. सुनावणीच्या आधी पोचवला. कळवायचं होतं ते एवढंच.

एवढंच नाही.

आठ तारखेला, रविवारी, आबा दुकानात बसले होते. माझी चिडचिड ऐकून त्यांनी काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, “मार्का गेला म्हंजी माल बदलला, आसं हाय व्हय? पावसात पोत्यावरची शाई धुऊन जाती. पोतं त्येच आसतंय. खांद्यावर घ्याचं आन् वळखायचं.” मी म्हटलं, आबा, ही कांद्याची गोण नाही. ते घरी गेले.

ते गेल्यावर जुनी मेमरी एकटी लावून पाहिली. लॅपटॉप सुरू झाला. ती काढून नवी एकटी लावली. तरी सुरू. दोन्ही एकत्र लावल्या की तीन बीप. दोन्ही धडधाकट, फक्त वेगळ्या जातीच्या, एका घरात नांदेनात. जुनीच्याच जातीची सोळाची शोधून आणली आणि काम झालं. ‘आधी एकेक लावून बघ’ हे तर तुझंच पालुपद. मी बघितलं नाही, कारण ठिपका दिसला नाही तेव्हाच मला चोर सापडला होता. मग बिघाड शोधतो कोण?

आणि ठिपका. लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी त्या मेमरीच्या सोनेरी पट्ट्या थिनरने मीच पुसल्या होत्या. घाईत सगळ्या पार्टवरून फडकं फिरवलं. फडकं माझ्याच खणात होतं. त्यावर गुलाबी डाग होता. मी ते मोनालीला दाखवलं. म्हणाली, “दादा, थिनरने नेलपॉलिश जाणारच. मला विचारायचंस तरी, मग त्यांच्या दारात जायचंस.” तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

इथे पत्र संपवून पाकिटात घातलं होतं. परत काढलं.

दहा तारखेला, मंगळवारी, महापेच्या एका कंपनीतून दुकानात फोन आला. कोणी साहेब होते. म्हणाले, धर्मराज नावाचा मुलगा आम्ही सर्व्हिस इंजिनिअरच्या जागेसाठी निवडलाय, ओळखीचा माणूस म्हणून त्याने तुमचं नाव दिलंय. मुलगा विश्वासू आहे ना?

त्या वेळी फडक्यावरचा डाग पाहून मला दोन दिवस झाले होते. मी म्हणालो, “तसं काही सांगता येत नाही.”

का म्हणालो ते लिहितो, बचाव म्हणून वाचू नकोस. आधी मनात आलं, म्हणजे त्या दोन दुपारी हा डॉक्टरकडे नव्हे, इंटरव्ह्यूला गेला होता. लपवत होता तर. म्हणजे माझा संशय अगदीच पोकळ नव्हता. त्या क्षणी मला तेवढं पुरलं. पण खरं कारण वेगळं आहे. महापेला लागलास तर तू परत येणार नव्हतास. मला तू दुकानात हवा होतास, मग चोर म्हणून का होईना.

परवा शुक्रवारी महापेला गेलो. गेटवर तासभर बसून साहेबांना भेटलो, घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जागा भरली. आणि दहा दिवसांत तुम्ही शब्द फिरवलात. आता यातला कुठला खरा धरू?” आयुष्यभर मी लोकांना जे विचारत आलो ते मला पहिल्यांदा कोणी विचारलं.

काल शिरवण्याला गेलो. तुझ्या आई ओट्यावर बसल्या होत्या. मी बोलायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. “त्या दिशी चार मानसं होती ना हितं? त्यांना बोलीव, मंग बोल.” दोघेच गावात सापडले. त्यांच्यासमोर सांगितलं, की मेमरी चोरीला गेलीच नव्हती, ठिपका मी पुसला आणि धर्माची नोकरी मी घालवली. नोकरीचं त्यांना माहीत नव्हतं. तुझ्या आई उठून आत गेल्या. मी थोडा वेळ थांबून निघालो. उरलेले दोघे पुढच्या रविवारी गावात असतील, तेव्हा पुन्हा जाणार आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. मी तुला ओट्यावर चोर म्हटलं, त्यानंतर महापेचा फोन येईपर्यंत बारा दिवस तुझ्या हातात होते. कंपनीला नुसतं कळवून माझं नाव काढून टाकता आलं असतं. तुझ्या जागी मी असतो तर सगळ्यात आधी तेच केलं असतं. तू ते राहू दिलंस. तुला वाटलं असेल, यशा ओरडतो, भांडतो, पण वेळ आली की खरं तेच सांगेल.

माफ कर, असं लिहीत नाही. तू ‘केलं’ म्हणून कळवलंस, तर ते मनापासून की वरवर, हे मी पत्र उलटसुलट करून बघत बसेन. जित्याची खोड आहे ही. म्हणून उत्तर पाठवू नकोस.

तू ज्याच्यावर कधीच शंका घेतली नाहीस, तो
यशराज