न जुळलेले हेडफोन

बाबा,

मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आई तर तुमच्याही आधी गेली, आणि तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी केव्हाच मागे टाकलं. आता काय उरलंय रागवायला, असं मलाही वाटत होतं. पण गेल्या आठवड्यात नातीनं नवे हेडफोन आणले. आवाज फार बारीक येतो, माझेच कान बिघडले की काय, असं ती हसत हसत म्हणाली. मी तिला म्हटलं, आधी ते ज्या यंत्राला लावलेस त्याला चालतात का ते बघ, स्वतःच्या कानांना नावं ठेवू नकोस. एवढंच म्हटलं, पण माझा आवाज इतका चढला की ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणून हे लिहायला बसले.

मला विषमज्वर झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नागपूरहून तुमची कलकत्त्याला बदली होऊन दोन वर्षं झाली होती. बालीगंजच्या आपल्या घरात मी महिनाभर पडून होते, आणि ताप उतरला तो माझे आवाज घेऊनच. सगळे नाही. ट्रामची घरघर यायची, आईच्या पाट्यावरवंट्याचा आवाज यायचा, तुमचं खाकरणं यायचं. जाड आवाज राहिले आणि बारीक पुसले गेले. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की माझ्यासाठी त्या गप्पच. डॉक्टरांनी सांगितलं की थोडं ऐकू येईल, आवाज मोठा करून द्या. तुम्ही तारखात्यात अधिकारी, वायरलेसचा नाद असलेले. तुम्ही म्हणालात, मी करतो यंत्र.

ते तुम्ही केलंत, हे मी नाकारत नाही. चार महिन्यांचे सगळे रविवार तुम्ही त्यात घातलेत. बॅटरीवर चालणारा, काचेच्या दोन व्हॉल्व्हचा, आवाज वाढवणारा अँप्लिफायर, पुढे मायक्रोफोन, बाजूला हेडफोन लावायची जागा. पत्र्याच्या पेटीच्या कडा माझ्या हाताला कापू नयेत म्हणून त्या तुम्ही कानशीनं घासत बसायचात. मी समोर बसून बघायची. त्या दिवसांत तुम्ही मला फार आवडायचात. ऑफिसच्या टेबलावर तुम्ही ते तपासून पाहिलंत, तिथले चांगले हेडफोन लावून, आणि घरी येऊन आईला सांगितलंत की पलीकडच्या खोलीतली कुजबूज ऐकू येते. ते खरंही असणार. पण ऑफिसचे हेडफोन घरी आणता येत नव्हते. युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती, अमेरिकन फौजेच्या उरलेल्या सामानाचे ढीग अजून फुटपाथवर मांडलेले असायचे. त्यातून तुम्ही एक जोडी उचललीत. मऊ चामड्याच्या गाद्या, पितळी कड्या, दिसायला देखणे. यंत्राला लावून मायक्रोफोनवर बोटानं टकटक केलीत, टेबलावर पडलेल्या हेडफोनांतून आवाज आला. झालं तुमचं समाधान.

रविवारची सकाळ आहे. तुम्ही मला खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसवलं आहे, ओठ वाचू नयेत म्हणून. हेडफोन माझ्या डोक्याला मोठे होतात, मी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलेत. मागून तुम्ही मायक्रोफोनमध्ये एकेक शब्द बोलता आणि मी तो म्हणायचा. माझ्या कानांत काहीतरी येतं, बाबा. पार लांबून, पत्र्यावर वाळू सांडावी तसं. शब्दाची नुसती सळसळ, अंग नाही. मी अंदाजानं म्हणते, ‘बस’. तुम्ही म्हटलेलं असतं ‘कमळ’. मी म्हणते, ‘साखर’. तेही चूक. तिसऱ्या शब्दाला तुम्ही टेबलावर हात आपटता, तो मात्र मला व्हॉल्व्हशिवाय ऐकू येतो. ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ तुम्ही मला वळवून, तोंड दिसेल असं विचारता. चौथ्या शब्दाला मी सांगते की मला काहीच ऐकू येत नाही. चुकण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग आईनं ते हेडफोन घातले. हा भाग तुम्ही नंतर कधीच कुणाला सांगितला नाहीत, म्हणून मी मुद्दाम लिहिते. माझ्या आईचे कान चांगले होते, दूध उतू जायच्या आधी तिला त्याचा आवाज कळायचा. तिनं हेडफोन घातले, तुम्हाला बोलायला लावलं, ते काढले आणि म्हणाली, ‘अहो, मलाच नीट कळत नाही यातून. डास गुणगुणल्यासारखं येतंय.’ त्यावर तुम्ही काय म्हणालात? ‘तुला त्यातलं काय कळतं?’ तिला व्हॉल्व्ह कळत नव्हते. पण हेडफोनातून ऐकायला कान लागतात, आणि ते तिला होते. तुम्ही एकदा, फक्त एकदा, ते स्वतःच्या कानांवर चढवून तिला बोलायला सांगितलं असतंत तर सगळं तिथेच संपलं असतं. तुम्ही ऑफिसात ऐकलं होतं, म्हणून यंत्र निर्दोष. यंत्र निर्दोष, म्हणून मुलगी बहिरी.

त्याच आठवड्यात तुम्ही शाळेला चिठ्ठी लिहून माझं नाव काढलंत. आईला सांगितलंत की हिचे कान पूर्ण गेले, आता हिला घरातलं शिकव. मी वर्गात पहिल्या तिघींत होते. माझ्या मैत्रिणी खिडकीखालून दप्तरं घेऊन जायच्या आणि मी आईशेजारी वाटाणे सोलत असायची. त्या हात हलवायच्या. काही महिन्यांनी त्यांनी हात हलवणंही सोडलं. तुमच्या ऑफिसातले कुणी घरी आले की तुम्ही माझ्यादेखत, माझ्याकडे न बघता, माझ्याबद्दल बोलायचात. मला ऐकू येत नव्हतं, दिसत तर होतं ना?

जवळजवळ वर्ष गेलं तसं. मग तुम्ही दहा दिवसांच्या दौऱ्यावर गेलात, आणि आईनं ती पेटी जुन्या धोतरात गुंडाळली, हेडफोन आणि बॅटऱ्या पिशवीत घातल्या आणि माझा हात धरून बालीगंज स्टेशनावर आली. कलकत्त्यात ती एकटी कुठे जात नसे. बंगाली तिला भाजीपुरतं यायचं. आम्ही सियालदहला उतरलो. फलाटांवर पूर्व बंगालातून आलेली माणसं चुली मांडून राहत होती, त्यांच्यामधून पेटी छातीशी धरून ती चालली होती. बाहेरच्या गल्लीत ढाक्याहून आलेल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची टपरी होती, शेजारच्या बाईनं तिला पत्ता दिला होता.

तो म्हातारा होता, अंगात गंजीफ्रॉक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं पेटी उघडली, आत बघून तुमच्या कामाचं कौतुक केलं, हेही लिहून ठेवते. मग त्यानं अशी एक गोष्ट केली जी तुम्ही वर्षभरात केली नव्हती: हेडफोन स्वतःच्या कानांना लावले आणि आईला बोलायला सांगितलं. लगेच काढले. मीटरच्या दोन तारा हेडफोनच्या टोकांना लावून काटा बघितला आणि मान हलवली. हे हेडफोन फार कमी ओहमचे, म्हणजे विजेला फार कमी विरोध करणारे, त्यानं सांगितलं. मशीन मागतं दोन हजार ओहमचे. म्हणून आवाजाची ताकद हेडफोनपर्यंत पोचतच नाही, आणि जाड आवाज तर वाटेतच गळून जातात. म्हणजे मला जे आवाज शिल्लक होते तेच नेमके. आईनं पुढे मला हे सगळं पाटीवर लिहून सांगितलं. त्याचं शेवटचं वाक्य तिनं त्याच्याच हिंदीत लिहिलं होतं: ‘माँजी, मशीन अच्छा है, लड़की भी अच्छा है. दोनों का जोड़ी नहीं बनता था.’

त्यानं मधे एक लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवला, काडेपेटीएवढा. अर्धा तासही लागला नाही. हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवून त्यानं विचारलं, ‘खुकी, शुनते पाच्छो?’ पोरी, ऐकू येतंय का? तो माणसाचा आवाज होता, खोकल्यासकट. मी मान हलवली. त्यानं मायक्रोफोन आईपुढे धरला. एवढ्या लोकांत तिनं आधी पदर सारखा केला. शेवटी ती म्हणाली, ‘आज सकाळी दूध नासलं.’ मी म्हटलं, ‘मग चहाचं काय केलंस?’ ती टपरीच्या फळीवरच बसली. त्या माणसानं पाठ फिरवून दुसरा एक रेडिओ उघडायला घेतला, आणि आमच्याकडे बराच वेळ पाहिलं नाही.

तुम्ही दौऱ्यावरून आलात. आईनं सगळं सांगितलं, मी तुम्हाला दहा शब्द म्हणून दाखवले, सगळे बरोबर. तुम्ही पेटी उघडलीत, तो ट्रान्सफॉर्मर पाहिलात आणि म्हणालात, ‘सोल्डरिंग गचाळ केलंय.’ मग सोल्डरिंगची कांब तापवून ते जोड पुन्हा केलेत. मी हेडफोन लावून समोर बसले होते, बाबा. मायक्रोफोन चालू होता. मी ऐकत होते, आता तुम्ही पुढे काय म्हणता ते. तुम्ही पेटीचं झाकण लावून स्क्रू पिळलेत.

जानेवारीत नवं वर्ष सुरू झालं तेव्हा मला शाळेत परत घेतलं, एक इयत्ता खाली. पेटी बाकावर ठेवून मी बसायची. त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक माझ्याभोवती जमले, तुमची वाहवा करत, आणि कुणीतरी विचारलं की यंत्र तर मागच्याच वर्षी झालं होतं ना? तुम्ही म्हणालात, ‘हो, पण तिच्या कानांना सवय व्हायला वर्ष लागलं.’ मला ते स्पष्ट ऐकू आलं. तुमच्याच यंत्रातून. आई शेजारी प्रसादाच्या पुड्या बांधत होती, तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. घरी येऊन तीही काही बोलली नाही, याचाही मला राग आहे, पण तो तुमच्या हिशेबात.

पुढे मी कान तपासायचं काम शिकले, पस्तीस वर्षं तेच केलं. तुमच्या निवृत्तीनंतर पुण्याच्या घरी एकदा मी तुम्हाला सरळ विचारलं, ‘बाबा, ते हेडफोन चुकीचे होते ना?’ तुम्ही वर्तमानपत्र खाली न घेता म्हणालात, ‘इम्पिडन्स जुळत नव्हता.’ म्हणजे तेच ओहम. जुळत नव्हता. जसं काही यंत्र आणि हेडफोन आपापसात भांडले होते आणि तुम्ही फक्त त्या घरात राहत होतात. मी ‘कुणी जुळवायचा होता?’ एवढं विचारू शकले असते. मी चहा ठेवायला उठले.

एक मात्र कबूल करायला हवं. त्या टपरीतल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही, आईलाही नाही, पुढे कामाच्या निमित्तानं चार वेळा कलकत्त्याला गेले तेव्हा त्या गल्लीतही फिरकले नाही. आणि शाळेनं बोलावलं, वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, परवा नातीनं विचारलं, की तुला पहिल्यांदा ऐकायला कुणी दिलं, तर प्रत्येक वेळी मी एकच उत्तर दिलं. माझ्या बाबांनी. ते सांगताना माझा आवाज अभिमानानं भरून येतो. मला स्वतःला तो ऐकू येतो.