क्लच मी जाळलेला नाही

लिहून ठेवणार मी, वय एकोणसत्तर, पूर्वी कोर्टाबाहेर बसणारी टंकलेखिका, आता कुणाचीच नोकर नाही. माझी प्रकृती ठणठणीत असून डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कुणाच्या दडपणाखाली करत नसून मुलाच्या एका वाक्यामुळे करत आहे. परवा तो फोनवर ओरडला, “आई, गाडीखालीच जायचं असेल तर आधी मृत्युपत्र करून ठेव!” ठीक आहे. चाळीस वर्षे लोकांची मृत्युपत्रे टाइप केली, एक स्वतःचे करायला काय जाते? उद्या सकाळी मी गाडीचा गिअरबॉक्स उतरवणार आहे. आज हे कागद.

कलम १. तीन खोल्या, मागची मोरी व पुढचे पत्र्याचे शेड मिळून असलेले घर माझ्या पश्चात मुलाचे. हयातीत नाही. “तुला एकटीला झेपत नाही, माझ्याकडे चल, ती गाडी भंगारात दे,” हा त्याचा पाढा मला पाठ झाला आहे. एकदा तर त्याने परस्पर भंगारवाला पाठवला. त्या बिचाऱ्याला मी चहा पाजून रिकाम्या हाताने परत धाडले.

कलम २. बँकेतली ठेवही मुलालाच. भांडण व्हावे इतकी ती मोठी नाही.

कलम ३. गाडी सूनबाईची. मुलाची नाही. वाचणाऱ्याचा गैरसमज नको म्हणून पुन्हा लिहिते, मुलाची नाही.

याचे कारण दहा वर्षांपूर्वीचे आहे. गाडीला नवी क्लच प्लेट घालायची होती. तोवर गाडीची सगळी कामे आमचे हेच करायचे आणि मी बाहेर बसून बोल्ट खोलायचे पाने द्यायचे. “चौदा नंबर दे,” की चौदा नंबर. पण त्या वेळी मी निक्षून सांगितले होते, वय झाले, आता गाडीखाली जायचे नाही, भावजींना सांगा. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, गॅरेजवाले. शनिवारी मी कामावरून आले तर काम झालेले. “धाकट्यानं बसवली,” हे म्हणाले. रविवारी मी गाडी काढली, तर गिअर पडेना, नुसती करकर. आणि सगळे जमलेले असताना हे म्हणाले, “बाईमाणसाचा पाय क्लचवरून उठतच नाही. नवाकोरा क्लच एका दिवसात जाळला!” सगळे खो खो हसले. भावजी तेवढे मान खाली घालून बसले होते. चोराच्या मनात चांदणे!

चावी ह्यांच्या खिशात गेली. दोन महिन्यांनी हे गेले. गाडी तेव्हापासून शेडमध्ये उभी.

आता, तीस वर्षे पाने देऊन मला एवढे कळते की प्लेटला सुलटी-उलटी बाजू असते, आणि उलटी बसली की असेच होते. ते बघायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून भावजींना टोमणे मारण्यापलीकडे मी काही केले नाही. पण गेल्या महिन्यात मुलगा सूनबाईला माझ्यादेखत म्हणाला, “तुझा पाय क्लचवरून उठतच नाही, चावी दे इकडे.” तिचे तोंड एवढेसे झाले. तिथेच मी ठरवले. सबब लिहून देते की प्लेट सुलटी निघाली तर चूक माझी. गाडी भंगारात जाईल, आणि मी मुकाट्याने मुलाकडे राहायला जाईन.

कलम ४. ह्यांची पान्यांची पेटी कुणाला द्यावी ते ठरत नाही. कुठलाही बोल्ट आवळला की हे त्यावर माझ्या नेलपॉलिशचा डाळिंबी ठिपका द्यायचे. ठिपका फाटलेला दिसला की बोल्ट हलला समजायचे. बाटली मी भाचीच्या लग्नासाठी घेतली होती. माझ्या नखांना एकदा लागली, गाडीला वीस वर्षे. हे मी माफ केले आहे. ह्यांच्यावर माझा कसलाच राग नाही. प्लेट नीट बसवली असे धाकट्याने सांगितले, ते त्यांनी खरे मानले.

कलम ५. भावजींना ती प्लेट. ती त्यांच्या गॅरेजच्या दारावर ठोकावी. उद्या नऊला त्यांना बोलावले आहे, आपली करणी आपल्या डोळ्यांनी बघायला.

ठिकाण: माझे स्वतःचे घर. शुक्रवार, नऊ तारीख.
साक्षीदार: १. शेजारीण, निवृत्त नर्स. २. कोपऱ्यावरचा शिंपी.

पुरवणी, शनिवार, दहा तारीख, दुपार

मी जिवंत आहे. मुलाला कळवावे.

चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी जॅकने उचलून चार लोखंडी स्टँडवर घेतली, बॅटरीची तार सोडली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, क्लचची केबल, स्टार्टर, सगळे एकेक करून निघाले. बोल्ट टाइपरायटरच्या रिबनच्या रिकाम्या डब्यांत ठेवले, प्रत्येक डबीवर टाइप केलेली चिठ्ठी. बाहेरच्या सगळ्या बोल्टांवर काळ्या वंगणाचा जाड थर होता. गिअरबॉक्सचा सगळ्यात वरचा बोल्ट मात्र हलेना. भावजी स्टुलावरून उठले, “वहिनी, राहू द्या, मी काढतो.”

“हात तर लावून बघा!” मी म्हणाले. पान्याला पाइप अडकवला आणि सगळा जीव लावून ओढला. निघाला मेला.

शेजारणीने गिअरबॉक्स जॅकवर पट्ट्याने बांधला. “याच्या दुप्पट वजनाचे पेशंट रोज कुशीवर वळवलेत मी,” म्हणाली. सरळ मागे ओढला आणि आला बाहेर. मग क्लचचे झाकण धरून ठेवणारे सहा बोल्ट काढले, झाकण उघडले.

प्लेट उलटी होती. “इंजिनाकडची बाजू” असे जिथे कोरलेले असते, ती बाजू माझ्या तोंडासमोर. मी गाडीखालून एवढ्या जोरात ओरडले की शिंपी धावत आला.

“घ्या भावजी, तुमचं दान!” असे म्हणत मी बाहेर सरकले, उजेडात ते सहा बोल्ट डबीत टाकायला गेले, आणि हात थांबला. सहाच्या सहा बोल्टांवर डाळिंबी ठिपका.

“भावजी, हे कुणी आवळले?”

त्यांनी एक बोल्ट उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, “दादानं. मी त्या शनिवारी आलोच नव्हतो. तुम्ही नको म्हणालेलं काम लपून केलं, आणि ते उलटं झालं. मला म्हणाला, तुझ्या नावावर राहू दे. तुमच्यावर ढकलेल असं वाटलं नव्हतं, वहिनी. शपथ घातली होती त्यानं.”

“दहा वर्षं माझी बोलणी खाल्लीत!”

“खाल्ली,” ते म्हणाले.

मी रडले. माणूस समोर असता तर भांडले असते.

सबब कलम ५ रद्द. प्लेट ह्यांच्या फोटोशेजारी टांगली आहे, कोरलेली अक्षरे समोर दिसतील अशी. माझ्या पश्चातही काढायची नाही. पान्यांची पेटी भावजींच्या हातात आजच दिली, म्हणून तिला कलम नको. मी हे घर सोडत नाही. नवी प्लेट सोमवारी येईल, मी बसवीन, सुलटी, आणि चावी सूनबाईला देईन. मुलाला बसायचे तर शेजारी बसावे, पायांकडे बघू नये.

साक्षीदार: १. शेजारीण. २. दीर.

नेलपॉलिशची नवी बाटली आणली आहे. खाली माझी सही, आणि सहीवर ठिपका. तो फाटलेला दिसला तर कुणीतरी हात लावला आहे असे समजावे.