मोठ्यांदा विचार

मिनिअ‍ॅपोलिस,
११ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

तुमचा गुडघा या थंडीत कसा आहे? आपली ब्रुनी गाय व्याली का? फोनवर तुम्ही "बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते.

मंगळवारी सॉफ्टवेअरच्या नोकरीची मुलाखत दिली. ही कंपनी रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांना वाटा आखून देते. येर लोर नावाच्या बाईंनी फळ्यावर दहा-बारा रस्ते काढले आणि म्हणाल्या, "एकाही रस्त्यावरून दोनदा न जाता सगळा बर्फ काढता येईल का, सांग." मी पेन घेऊन उभी राहिले आणि आपल्या घरच्या रीतीनं तोंडाला कुलूप लावलं. तुम्ही ट्रॅक्टर दुरुस्त करताना मी नुसती टॉर्च धरायची, ब्र काढायचा नाही, तशी.

बाई म्हणाल्या, "मार्गिट, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत नाही गं. मोठ्यांदा विचार कर. चुकलीस तरी चालेल."

बाबा, मी कशीबशी म्हणाले, "मी इथे अडकलेय. का, ते कळत नाही."

"अडकलीस? मस्त! कुठे?" बाई उठल्याच. बडबडत त्यांनी स्वतः एक वाट काढली आणि मध्येच कपाळावर हात मारला. "छे, मीच चुकले!"

पंचवीस वर्षं हेच काम केलेली बाई उमेदवारासमोर चुकले म्हणते, वर हसते! मी थक्क झाले. मग आम्ही दोघी बोलत सुटलो. त्यांचं अर्धं वाक्य मी पुरं करायची, माझं त्या. आणि बोलता बोलता उत्तर समोर आलं: या नकाशात एक रस्ता दोनदा करावाच लागतो. माझ्या एकटीच्या डोक्यात ते कधीच आलं नसतं. विचार हे एकट्यानंच करायचं काम, असं मी जन्मभर धरून चालले होते.

खोली उबदार आहे. जेवण वेळेवर होतं. ब्रुनीला जास्तीचं गवत घाला.

बघा, परत तोंड मिटून भलतंच लिहितेय. मोठ्यांदा सांगते. नोकरी मिळाली. मी शेतावर परत येणार नाही. माझ्यासाठीच तुम्ही गाई राखल्यात, ठाऊक आहे मला. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीही नाही. विका त्या, बाबा. हे लिहिताना रडू येतंय, तरी मला इथेच राहायचंय.

रविवारी फोन करीन. रागवा, रडा, अडकलोय म्हणा. फक्त "बरं" म्हणू नका.

तुम्ही बोलेपर्यंत फोन कानाशी धरून बसणारी,
तुमची मार्गिट