मेलमध्ये न मावलेलं हसू

जळगाव

प्रिय ज्योत्स्ना,

मेलवर लिहिलं असतं तर तू दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी झाली असतीस, म्हणून हा कागद. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. मघाशी चहा उकळून शेगडीवर सांडला, तोही तसाच आहे.

आपल्या साक्षरता कार्यालयातल्या जुन्या कॅसेटी तिथल्या नव्या पोराने, प्रशीलने, संगणकात भरल्या. त्यातली एक निवडून समितीतल्या सगळ्यांना मेलने पाठवायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलं. मी तू घेतलेली द्रौपदाबाईची मुलाखत निवडली. मेल म्हणे, फाईल फार मोठी आहे. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. मग लिंक पाठवली, तर समितीतले एकेक विद्वान माझ्याकडे उघडायची परवानगी मागत बसले. हयातभर रजेच्या अर्जावर सही देताना ज्यांनी मला ताटकळत ठेवलं, तेच! प्रशील म्हणाला, “मॅडम, दाबून लहान करा.” दाबली. द्रौपदाबाई डबीत कोंडलेल्या डासासारखी बोलायला लागली. जिचा आवाज सासूला दाबता आला नाही, तो मी दाबला. लाज वाटली आणि ती फाईल पुसून टाकली.

त्यावर या दिवट्याने सगळ्यांना लिहिलं: ज्योत्स्ना मॅडमचे प्रश्न कापले तर फाईल सहज बसेल, मधली खरखरही काढता येईल, लोकांना उत्तरंच हवी असतात.

उत्तरंच! आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फूटपट्टी उगारून सांगायच्या, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तुझ्याबरोबर गावं पालथी घातली तेव्हा मला कळलं की नीट विचारणारीच नसेल, तर समोरची बाई तोंड उघडतच नाही.

एरंडोलजवळचं ते धाब्याचं घर आठवतं? गोणपाटावर टेपरेकॉर्डर, आणि पाटी मांडीवर घेऊन द्रौपदाबाई. तू तिला नवऱ्याचं नाव विचारलंस. ती घेईना. म्हणाली, “पहिले तू सांग, मंग मी सांगसू.” आणि तू, बिनलग्नाची, ताडकन म्हणालीस, “माले नवराच नही!” काय हसली ती! खोकेपर्यंत. मग तू हळूच म्हणालीस, “तोंडाने घेऊ नका, लिहा.” पुढे बराच वेळ फक्त पाटीवर पेन्सील घासल्याचा आवाज आहे. प्रशीलची खरखर ती हीच. जन्मात कधी तोंडातून न निघालेलं नाव ती बाई लिहीत होती. तुझं बोलणं कापलं तर ती हसते कुणाला, आणि लिहिते का?

तर हे सगळं मी त्याला सुनावणार, तेवढ्यात तुझी मेल आली. सगळ्यांना. ‘कापा. हरकत नाही.’

ज्योत्स्ना, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून तू फोन उचलत नाहीस. धुळ्यात दूधवाल्यालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जायला सांगितलंयस म्हणे. ते मी मुकाट्याने सोसलं, आणि मुकाट्याने सोसणं माझ्या स्वभावात नाही. पण डॉक्टरांनी नाइलाजाने जो आवाज काढून घेतला, त्यातला जो कॅसेटमध्ये उरलाय तोही तू आपण होऊन देऊन टाकतेस? मी सगळ्यांना ‘नाही’ कळवलंय. प्रशील म्हणतो, आवाज त्यांचा आहे आणि त्यांची परवानगी आलीये. त्याचं बरोबर आहे, म्हणूनच चडफडते आहे.

रविवारी सकाळच्या एसटीने येते. फाईल पेन ड्राईव्हमध्ये घेतलीये, अख्खी, खरखरीसकट. शेजारी बसून ऐकू. ऐकूनही कापावंसं वाटलं तर मी स्वतः कापीन. तुला बोलायचं नाहीये, दार तेवढं उघड. येताना पाटी आणतेय. या वेळी विचारणार मी.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
यशोधरा