यादी लागण्याआधी

सर, परदेशी मुलींची टीम घेऊन मी पुण्यात आले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी भारताकडून खेळत होते. आता या टीमची मुख्य कोच आहे. मोठमोठे कोच जवळून पाहिले, त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले, पण अजूनही कोच म्हटलं की कर्वेनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले तुम्हीच डोळ्यांसमोर येता.

मी सतरा वर्षांची. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही तीन जिने चढून धापा टाकत आलात आणि बसण्याआधीच म्हणालात, "उद्याच्या टीममध्ये तुमची मुलगी नाही. यादी संध्याकाळी लागेल, पण ती मी केली आहे, म्हणून आधी सांगायला आलो." आई म्हणाली, "अहो, चहा तरी घेता, का तिथेही आम्हाला वगळलंत?" तुम्ही निमूट चहा घेतलात. मी मात्र तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही पक्षपाती, तुम्हाला खेळातलं काही कळत नाही, सगळं. आईने डोळे वटारले, तर तुम्हीच म्हणालात, "बोलू दे तिला. नोटीस बोर्डाशी काय भांडणार होती?" मग तिच्या हातातलं लाटणं घेऊन, आत येणाऱ्या चेंडूला माझा पाय कसा उशिरा पुढे येतो ते दाखवलंत. पोळ्या खोळंबल्या. पुढे कळलं, त्या दुपारी तुम्ही चार घरी गेला होतात. मार्केट यार्डाजवळच्या एका घरी मुलीच्या वडिलांनी तुम्हाला उंबऱ्यावरूनच हाकललं, तरी ती बाहेर येईपर्यंत तुम्ही उन्हात थांबलात. प्रत्येक यादीला हेच. तेव्हा मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा. आता स्वतः याद्या करते आणि थक्क होते. एवढी छाती कुठून आणलीत, सर?

कारण इतकी वर्षं मी हे काम मॅनेजरच्या मेसेजवर भागवत आले. आज मात्र ठरवलं, तुमच्या गावात तरी तुमच्यासारखं वागायचं. आमची सगळ्यात जुनी बोलर उद्या खेळणार नाही. तिचा खांदा आता साथ देत नाही, आणि तिला वगळायचा निर्णय माझा, एकटीचा. नाश्त्याआधी तिच्या खोलीचं दार वाजवलं. समोर उभं राहून सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि एवढंच विचारलं, "कुणी ठरवलं?" माझ्या तोंडून निघालं, "निवड समितीने."

तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "तू माझ्यासाठी भांडली असशील, मला माहीत आहे."

हे पत्र तुमच्या मुलाकडे द्यायचं मनात होतं. आता नाही देणार. सर, मी "हो" म्हणाले.